एक जूनचा मुलगा

आमच्या धंद्यात कुठलीही गोष्ट आत घ्यायची तर आधी तिचा प्रकार सांगावा लागतो. हा आकडा, ही अक्षरं, ही तारीख, हे नुसतं हो किंवा नाही. रकाना एकदा तारखेचा ठरला की त्यात तारीखच बसणार. 'दिवाळीच्या आसपास' असं लिहायला गेलात तर यंत्र तोंडावर दार लावून घेतं. मी या कामात उभा जन्म घालवला. डेटाबेसकडून माहिती मागवायची, प्रोग्रामच्या हातात द्यायची, आणि तिकडचा आकडा इकडे येताना अक्षर होऊन बसत नाही ना, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. लोकांना वाटतं हे फार हुशारीचं काम असतं. त्यात निम्मी हुशारी आणि निम्मी कटकट असते, आणि माझा स्वभाव मुळातच कटकट्या असल्यामुळे माझं बरं चाललं.

तेव्हा नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं. आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो आणि मी गुडगावच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत नुकती लागले होते. सकाळी चार्टर्ड बस पकडायची, डुलक्या घेत सीमेपलीकडे जायचं. तिथे मोहरीच्या शेताला लागून काचेच्या इमारती उगवत होत्या. आमच्या इमारतीत लिफ्ट आली होती, वीज मात्र यायची होती. दिवसभर खाली जनरेटर घरघरत असे. बाबा केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या मुलीला शेतात ऑफिस मिळालंय."

आईचं ऑफिस वेगळंच होतं. दर रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमागच्या खोलीत ती वधूवर सूचक केंद्र चालवायची. दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलामुलींची लग्नं हा तेव्हा मोठाच प्रश्न होता. पुण्याकडचे लोक आम्हाला अर्धे पंजाबी समजायचे आणि इथले पंजाबी आम्हाला मद्रासी समजायचे. तर आईकडे बुटांच्या खोक्यांत कार्डं लावलेली असायची. एका खोक्यात मुली, दुसऱ्यात मुलगे, तिसऱ्यात 'पाहू' असं चिकटवलेलं. कुणी विचारायला आलं की आई चष्मा लावून कार्डं चाळायची, पंचांग काढायची आणि गुण मोजायची. पत्रिकेवर तिचा विश्वास होता, आणि त्याला कारणही होतं. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न घाईत, पत्रिका न पाहता लावून दिलं होतं, आणि मावशी वर्षाच्या आत विधवा झाली होती. आई त्याबद्दल फार बोलत नसे, पण कार्डावर जन्मवेळ नसली की तिचा चेहरा पडायचा.

मंडळाला एका सभासदाने जुना कॉम्प्युटर दिला आणि आईने मला न विचारता जाहीर करून टाकलं की आमची मुलगी सगळं त्यात घालून देईल. मी चिडले. आठवडाभर डेटाबेस आणि रविवारीही डेटाबेस! पण आईपुढे कुणाचं चालतं? शिवाय कार्यकारिणीने माझ्या मदतीला आणखी एकाला पकडलं होतं. तो रविवारी मंडळाच्या कॅन्टीनमध्ये जेवायला यायचा. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून कलेक्टर व्हायला आला होता, करोल बागेत गच्चीवरच्या एका खोलीत तिघांबरोबर राहून परीक्षा देत राहिला, आणि परीक्षेने दाद दिली नाही तेव्हा कॉम्प्युटरचा कोर्स करून गुडगावपुढच्या मानेसरमधल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात लागला. उंच, सावळा, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा. मी मनात म्हटलं, हा मला काय मदत करणार, याचीच शिकवणी घ्यावी लागेल. तसं झालं नाही. त्याला माझ्याइतकंच येत होतं, आणि चिकाटी माझ्यापेक्षा जास्त होती.

आम्ही रकाने ठरवायला बसलो. उंची आकडा, गोत्र अक्षरं, इथपर्यंत ठीक होतं. मंगळ आहे का, हा मी हो-नाहीचा रकाना केला. आई म्हणाली, "आणि सौम्य मंगळ कुठे लिहायचा?"

"आई, हो किंवा नाही. तिसरं काही नसतं यात."

"तुझ्या कॉम्प्युटरमध्ये नसेल. मंगळात असतं."

तो खाली मान घालून हसत होता. शेवटी मंगळ अक्षरांच्या रकान्यात गेला. जन्मतारीख मात्र मी कडक तारखेची केली, रिकामी चालणार नाही अशी, कारण गुण त्यावरूनच निघणार होते. पुण्याहून कुणीतरी पंचांगाच्या गणिताची फ्लॉपी पाठवली होती. तारीख आणि वेळ दिली की ती नक्षत्र सांगायची, आणि आमचा प्रोग्राम त्यावरून छत्तीसपैकी किती ते काढायचा. आई आधी साशंक होती. मग तिने आपलं आणि बाबांचं लग्न त्यात तपासून पाहिलं, आणि तीस गुण आल्यावर तिचा कॉम्प्युटरवर विश्वास बसला.

मुलींची कार्डं मी भरली, मुलग्यांची त्याने. सगळं भरून झालं आणि मी पहिल्यांदा मुलग्यांची यादी जन्मतारखेप्रमाणे लावून पाहिली, तर माझे डोळेच फिरले. एक जून. एक जून. एक जून. वर्षं वेगवेगळी, पण तारीख तीच, पानभर. बिघाड! माझी खात्रीच पटली. आमच्या कामात असं होतं. तारीख रिकामी आली की डेटाबेस आणि प्रोग्राम यांच्यामधला दुवा आपल्या मनाने एखादी तारीख घालतो. पण तो घालतो ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, डिसेंबरमधली, जूनचा त्यात काय संबंध? मग वाटलं, अमेरिकन पद्धतीने महिना आधी वाचला गेला असेल, सहा जानेवारीची एक जून झाली असेल. पण एवढी पोरं सहा जानेवारीला तरी कशाला जन्मतील? मी तो सगळा रविवार आणि त्याच्या पुढचाही अर्धा त्या बिघाडामागे घालवला. जेवले नाही, आईवर खेकसले, प्रोग्रामच्या ओळीन् ओळी उलगडल्या. तो दोन चहा घेऊन आला, माझ्या खांद्यावरून यादी पाहिली, आणि चहा सांडेपर्यंत हसला.

"हा बिघाड नाही," तो म्हणाला. "हे आमचे गुरुजी आहेत."

मला काहीच समजेना. तेव्हा तो समोर बसला आणि एखाद्या परदेशी पाहुणीला सांगावं तसं त्याने मला सांगितलं. गावाकडे मूल जन्मलं की तारीख कोण लिहून ठेवतो? शाळेत घालायच्या दिवशी गुरुजी मुलाला म्हणतात, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान पकड. कान हातात आला की पोरगं सहा वर्षांचं झालं. शाळा जूनमध्ये भरते, म्हणून गुरुजी सहा वर्षं मागे मोजतात आणि लिहितात, एक जून. अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मतो.

"तुमच्यासारख्यांना माहीत नसणारच," तो म्हणाला. मग हात डोक्यावरून नेऊन त्याने कान पकडून दाखवला. "माझीपण एक जूनच."

"मग खरी कधीची?"

"माहीत नाही."

त्याने ते इतक्या सहज सांगितलं! मी लहानपणापासून दर वाढदिवसाला औक्षण करून घेतलेली, केक कापलेली मुलगी. कानाला हात लावून समोर बसलेल्या त्या माणसाकडे मी बघत राहिले आणि मला एकदम त्याच्याबद्दल अतोनात माया वाटली. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? मी त्या क्षणी त्याच्या प्रेमात पडले.

नंतरच्या रविवारी तो म्हणाला की ही तारीख खोटी आहे हे आपल्याला माहीत असताना तिच्यावरून गुण काढणं बरोबर नाही. रकाना रिकामा ठेवायची सोय करा. आमच्या भाषेत त्याला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे आणि कोरं अक्षरही नव्हे. किंमत आहे, पण आपल्याला ठाऊक नाही, असा त्याचा अर्थ. मी तशी सोय केली, त्याच्याकडून गावाकडच्या मुलांना विचारून घेतलं, आणि ज्यांना खरी तारीख ठाऊक नव्हती त्यांची एक जून पुसून टाकली. त्याची स्वतःचीही. हो, त्याचंही कार्ड होतं. मंडळात पाय ठेवणाऱ्या कुठल्याही अविवाहित मुलाचं कार्ड आई भरून घ्यायचीच. माझंही होतं, पहिल्या खोक्यातलं पहिलं.

पण नलची एक खोड आहे. त्याची तुलना कशाशीही केली तरी उत्तर येत नाही, ना हो, ना नाही. आणि उत्तर 'हो' आलं नाही की डेटाबेस ती नोंद मुकाट्याने बाजूला ठेवतो. चूक दाखवत नाही, तक्रार करत नाही. त्यामुळे झालं असं की ही सगळी मुलं कुणाच्याच यादीत येईनात. कितीही मुली तपासा, ती जणू जन्मलीच नव्हती. हे माझ्याआधी त्याच्या लक्षात आलं. आई बाहेर कुणाशी बोलत होती. त्याने माझं नाव घातलं, मला जुळणाऱ्या मुलग्यांची यादी पडद्यावर आणली, आणि ती खालपासून वरपर्यंत वाचून म्हणाला, "तुझ्या यादीत मी कधीच येणार नाही."

तोपर्यंत तो मला 'तुम्ही' म्हणत होता.

मी म्हणाले, "यायचंय का तुला?"

"यायचंय."

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. आम्ही काही भव्यदिव्य केलं नाही. करोल बागेत फिरायचो, कपड्यांची दुकानं बाहेरूनच बघत. तो मला विसरलेले किंवा कधीच न शिकलेले मराठी शब्द सांगायचा आणि मी त्याची हिंदी सुधारायचे. दमला की त्याच्या तोंडून गावचं बोलणं निसटायचं. "यायलोय की, थांब जरा," असं रस्त्यापलीकडून ओरडायचा आणि मग शरमायचा. मला ते 'यायलोय' इतकं आवडायचं की मी मुद्दाम पुढे निघून जायचे. आता गुडगावच्या मॉलमध्ये मराठवाड्यातलं कुणी फोनवर तसं बोलताना ऐकलं की अजून पाय थबकतात.

मी आईला सांगितलं. मला वाटलं होतं रडारड होईल, तसं काही झालं नाही. आई पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. म्हणाली, "मुलगा गुणी आहे. मला त्याची जात नको, शेतीवाडी नको, घर कुठे घेणार तेही नको. मला त्याची तारीख आणि वेळ आणून दे. खरी. त्याच्या आईला माहीत असेलच ना गं! आई कधी विसरते का?"

दिवाळीच्या सुट्टीत तो गावी गेला. मी रोज ऑफिसात बसून चुका करत होते. परत आला तो थेट आमच्या चार्टर्ड बसच्या थांब्यावर उभा. मी उतरले आणि त्याच्या तोंडाकडे बघून काय ते समजले.

त्याच्या आईला तारीख आठवत नव्हती. तिला एवढंच आठवत होतं की थंडी होती. कडाक्याची थंडी, आणि शेजारणीने आपली वाकळ आणून तिच्या अंगावर घातली होती. वाकळ म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, त्याने सांगितलं. सालसुद्धा अंदाजानेच. मग त्याने आईला सारं समजावून सांगितलं, की अशी अशी मुलगी आहे, तिच्या आईला तारीख हवी आहे. तिने ऐकून घेतलं. तांदूळ निवडत होती म्हणे. आणि म्हणाली, "त्या बाईस्नी कोणची तारीख पायजे ते इचारून ये. मी तीच सांगते. बेलभंडार उचलून सांगते."

हे सांगताना तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने रुमाल काढला. तो बसथांबा, पाठीमागे सरकारी क्वार्टरची रांग, कुणाच्या तरी खिडकीतून येणारा फोडणीचा वास, आणि तो रुमालाने डोळे पुसत उभा. मी त्याचा हात धरला. लक्ष्मीबाई नगरात भर संध्याकाळी असं हात धरून उभं राहणं म्हणजे उद्या सगळ्या कॉलनीत वार्ता, पण मला पर्वा नव्हती.

आणि मी विचार करायला लागले होते. माझ्यासारख्या बाईला रकाना रिकामा दिसला की तो भरावासाच वाटतो. पुढच्या रविवारी आई जेवायला गेली तेव्हा मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. एकेक दिवस घ्यायचा, दिवसाचा एकेक तास घ्यायचा, तो त्याचा जन्म समजायचा आणि माझ्याशी गुण काढायचे. यंत्राला काय, ते बिचारं मुकाट्याने मोजत राहिलं. सगळ्यात जास्त गुण ज्या तारखांना निघाले त्यातली एक मी निवडली. श्रावणातली पहाट. मला ती फार सुंदर वाटली.

त्याला दाखवली तर तो म्हणाला, "पण थंडी होती."

"अरे यार, कुणाला कळणार आहे?"

"मला. माझ्या जन्माचं माझ्याकडे तेवढंच आहे. ते तरी खरं राहू दे."

मी चरफडले. पण चंद्र दर महिन्याला फिरून त्याच नक्षत्रात येतो, त्यामुळे अडचण नव्हती. मी शोध फक्त थंडीच्या महिन्यांपुरता लावला, दोन हिवाळे, सालाची शंका होती म्हणून. तेवढेच गुण निघाले. पौषातली एक तारीख, सकाळी उजाडता उजाडता, मंगळाचीही कटकट नाही. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "हे चालेल." गावातल्या दुकानात फोन होता. तिथे फोन लावून आईला बोलावून घ्यायचं आणि ही तारीख सांगून ठेवायची, असं ठरलं. म्हणजे उद्या कुणी विचारलंच तर ती तयार. त्याआधी त्याने आपल्या तोंडाने माझ्या आईला ती सांगायची होती.

पुढचा रविवार मला जसाच्या तसा आठवतो. खोलीत आम्ही तिघंच. कॅन्टीनमधून बटाटेवड्यांचा वास येत होता. आईने पंचांग उघडून ठेवलं होतं, कॉम्प्युटर असूनही. मी प्रिंटरपाशी उगाच कागद सरळ करत उभी राहिले. त्याने तारीख सांगितली. वेळ सांगितली. आईने मोजलं, बोटांवर, हळूहळू, आणि तिचा चेहरा उजळत गेला. मी पाहत होते. तिने पंचांगावरून मान वर केली आणि किती मऊ आवाजात विचारलं, "खरी आहे ना रे ही?"

एक शब्द म्हणायचा होता. हो.

तो माझ्याकडे बघत नव्हता. आईकडे बघत होता. म्हणाला, "काकू, थंडी होती एवढं खरं आहे. बाकीचं मला माहीत नाही."

आईने पंचांग मिटलं. "बरं झालं खरं बोललास," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. त्याने तिला वाकून नमस्कार केला आणि तो बाहेर गेला. मी तशीच प्रिंटरपाशी.

संध्याकाळी मी घरात आदळआपट केली. बाबा शेजाऱ्यांकडे जाऊन बसले. आई एवढंच म्हणाली, आणि हे तिचं वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही, "अगं, तो नुसतं हो म्हणाला असता तर मी हो म्हणणार होते. मला काय कळलं नसतं? तुझ्या तोंडावर लिहिलेलं होतं की तारीख कुठून आली ते. पण मी विचारलं, पाहिलं, सगळं ठीक निघालं, एवढं मला स्वतःला सांगता आलं असतं. आता त्यानंच माझ्या हातात 'नाही' ठेवलं. ताईचं डोळ्यांपुढे असताना मी काय करू?"

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता मानेसर गाठलं. कारखान्याच्या फाटकाबाहेर, कंपनीच्या बसेस लागत होत्या तिथे, त्याला उभं केलं आणि आई काय म्हणाली ते सांगितलं. मी म्हणाले, जा आणि सांग की आता आईने नीट आठवून सांगितलं. तो म्हणाला, "आता कसं सांगू? खरं काय ते काकूंनी ऐकलं." मी म्हणाले, मग कोर्टात लग्न करू, कोर्टाला एक जून चालते. त्यावर तो क्षणभर हसलासुद्धा. पण मान हलवली. "मला साधा ताप आला तरी काकू रात्रंदिवस तुझ्या काळजीनं भिऊन राहतील. तसं नको."

त्याच्या खरेपणाचं सगळे कौतुक करतात. आईनेच सांगितल्यामुळे मंडळात तर त्याची गोष्ट झाली होती. मला मात्र त्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर तो राग पुरता गेलेला नाही. खरं बोलायला काय लागतं? ज्याला काही हवं असतं त्याला जरा खोटं बोलता आलं पाहिजे.

त्यानंतर लवकरच शतक बदलायचं काम निघालं. जुन्या प्रोग्रामांमध्ये सालाला दोनच आकडे ठेवलेले होते. नवं शतक लागलं की सगळ्या तारखा कोलमडतील, अशी भीती जगभर पसरली आणि तारखा दुरुस्त करायला आमच्याकडची मुलं विमानं भरभरून अमेरिकेत गेली. तोही गेला. मला कुणाकडून तरी कळलं. माझं लग्न आईच्याच केंद्रातून झालं, भरपूर गुण जुळवून, चांगल्या माणसाशी. संसार झाला, गुडगावात नवव्या मजल्यावर घर झालं, खालची मोहरीची शेतं गेली. तक्रार कशाची नाही. पण हुरहूर लागायला तक्रार असावीच लागते असं थोडंच आहे?

बऱ्याच वर्षांनी तो दिल्लीत आला होता, बायकोमुलांना घेऊन. मंडळात गणपतीला भेटला. केस पांढरे झाले होते, वरची गुंडी तशीच. आम्ही मांडवाच्या कडेला खुर्च्या ओढून बसलो. मुलांचं बोललो, गुडघ्यांचं बोललो. मग मी त्याच्या आईची चौकशी केली. ती गेली, म्हणाला, तीन-चार वर्षं झाली.

"तुला एक सांगू? त्या वर्षी नागपंचमीपर्यंत ती रोज त्या दुकानात जाऊन बसायची. फोनपाशी. विचारून फोन करतो म्हणालो होतो, पण मी नंतर तिला नीट सांगितलंच नव्हतं काय झालं ते. मला वाटलं, विसरेल. दुकानदारानं मला फार उशिरा सांगितलं. त्याला म्हणायची, दिल्लीची तारीख यायचीय, मला पाठ करायचीय."

मांडवात आरती सुरू झाली म्हणून आम्ही उठलो. तो पुढे गेला, मी मागे खांबाला धरून उभी राहिले.

त्याचा चेहरा आता मला नीट आठवत नाही, खोटं कशाला बोलू. पण ती बाई मी एकदाही पाहिलेली नाही आणि मला ती रोज दिसते. तिने मला पाहिलं नव्हतं, माझं नावही तिला धड माहीत नसेल. तरी ती माझ्यासाठी बेलभंडार उचलून खोटं बोलायला दुकानाच्या पायरीवर येऊन बसत होती. मला तिच्या घरात सून म्हणून जायचं होतं.